एक आजार, पाच नावं

इतिहास म्हटलं की आपल्याला गड आठवतात, लढाया आठवतात, बखरी आठवतात. आजचा इतिहास मात्र एका आजाराचा आहे. आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण पाच मुलांना होतो, मोठ्या माणसांत त्याहूनही कमी. त्याचं आजचं नाव लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. डॉक्टर मंडळी त्याला एलसीएच म्हणतात, आपणही तेच म्हणू या.

इतक्या विरळा आजारावर अर्धा तास कशाला, असं कुणी विचारेल. माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे, ज्या घरात हे नाव पहिल्यांदा ऐकू येतं, त्या घरातले लोक त्याच रात्री मोबाइलवर शोधायला बसतात. मग त्यांना एका आजाराची पाच नावं सापडतात. एका ठिकाणी लिहिलेलं असतं की हा आपोआप बरा होतो, दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं असतं की यात बाळं दगावतात. एकाच आजाराबद्दल या दोन गोष्टी कशा काय, हे कोडं इतिहास कळल्याशिवाय सुटत नाही. दुसरं उत्तर असं की या इतिहासातला एक मोठा माणूस उतारवयात सगळं गमावून आपल्या मेलबर्नला आला होता. त्याची ओळख आपल्याला असायला हवी.

आधी आजार म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. हिस्टिओसाइट म्हणजे शरीरात ठिकठिकाणी ठाण मांडून बसलेली संरक्षक पेशी. गावाच्या वेशीवर जागल्या असतो ना, तशी. जंतू आला की पकडायचा, गिळायचा, आणि बाकीच्यांना हाक मारायची, एवढं तिचं काम. एलसीएचमध्ये या घराण्यातल्या काही पेशी विनाकारण वाढत जातात, एका जागी घोळका करतात आणि सारखी हाक मारत राहतात. त्या हाकेला ओ देऊन इतर पेशी जमतात, सूज येते. हे हाडात घडलं तर हाड झिजवणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाडाला भोक पडतं. कवटी ही त्यांची सगळ्यात आवडती जागा.

अशा कवटीची जुनी नोंद १८६५ सालची, लंडनची. थॉमस स्मिथ नावाच्या शल्यविशारदाने एका लहान मुलाच्या कवटीत तीन गोल भोकं पाहिली. मुलाच्या अंगावर त्वचेचा आजारही होता. भोकं जन्मजात असावीत असं मानून प्रकरण तिथेच संपलं. कवटीची भोकं आणि कातडीवरचं दुखणं यांचं काही नातं असेल, हे त्या काळी कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

पुढची नोंद १८९३ची, फिलाडेल्फियाची. आल्फ्रेड हँड हे लहान मुलांचे तरुण डॉक्टर. त्यांच्याकडे तीन वर्षांचा एक मुलगा आला. तो सारखं पाणी प्यायचा, सारखी लघवी करायचा, आणि त्याचे डोळे खोबणीतून पुढे आले होते. मुलगा गेला. शवविच्छेदनात कवटीच्या हाडांत खड्डे सापडले. हँड यांनी निदान लिहिलं क्षयरोग. यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. कोखने क्षयाचा जंतू शोधून तेव्हा अकराच वर्षं झाली होती आणि हाडं खाणारा आजार म्हणजे क्षय, हाच त्या काळचा सरळ हिशेब होता.

या दोन्ही डॉक्टरांना कवटी दिसली ती मूल गेल्यावर. जिवंत मुलाच्या कवटीत डोकवायची सोय नव्हती. ती सोय १८९५च्या नोव्हेंबरात झाली. जर्मनीत रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. हातात अंगठी घातलेल्या हाडांचं छायाचित्र जगभर गाजलं. पण हाताचं चित्र काढणं सोपं, कवटीचं कठीण. कवटीत हाडावर हाड, वळणं, पोकळ्या, सगळं एकावर एक पडतं आणि चित्रात नुसता गोंधळ दिसतो. तो गोंधळ वाचायला शिकवणारा माणूस म्हणजे व्हिएन्नाचे आर्थर शुलर.

शुलर यांचा जन्म १८७४चा, आज चेक देशात असलेल्या ब्रनो शहरातला. ज्यू कुटुंब. शिक्षण व्हिएन्नात. मूळचे ते मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर, पण क्ष-किरणांनी त्यांना वेड लावलं. १९०५ साली त्यांनी कवटीच्या तळाच्या क्ष-किरण चित्रांवर पुस्तक लिहिलं आणि १९१२ साली डोक्याच्या सगळ्याच आजारांवर. डोकं कोणत्या कोनात धरलं की कोणतं हाड मोकळं दिसतं, याचं त्यांनी शास्त्र केलं. कानामागच्या हाडाचं चित्र घेण्याची एक पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मेंदूची चित्रं वाचण्याच्या शास्त्राला आज न्यूरोरेडिऑलॉजी म्हणतात, आणि शुलर यांना त्याचे जनक मानतात.

१९१५ साली त्यांनी मुलांच्या आणि तरुणांच्या कवटीतल्या विचित्र भोकांवर निबंध प्रसिद्ध केला. चित्रांत भोकांच्या कडा अगदी स्वच्छ होत्या, चिमट्याने कागद पंच करावा तशा. काही कवट्यांत भोकं एकमेकांत मिसळून नकाशावरच्या देशांसारखी दिसत होती. अशा कवटीला डॉक्टर आजही नकाशा कवटी म्हणतात. शुलर यांनी भोकांसोबत पुढे आलेले डोळेही नोंदवले आणि अति तहान-लघवीही. त्यांना वाटलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी बिघडते आणि त्यामुळे हे सारं होतं.

१९१९ साली बोस्टनच्या हेन्री ख्रिश्चन यांनी पाच वर्षांच्या एका मुलीची हकीकत लिहिली. तीच त्रयी: कवटीत भोकं, पुढे आलेले डोळे, आणि न संपणारी तहान. त्यांनीही दोष पिट्यूटरीला दिला. पण त्यांनी एक मोलाची गोष्ट केली. १९१३ साली इटलीत आणि जर्मनीत दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की पिट्यूटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला की अशा रुग्णांची लघवी कमी होते. ख्रिश्चन यांनी तोच उपाय या मुलीवर केला आणि तिला आराम पडला.

१९२१ मध्ये हँड पुन्हा या विषयाकडे वळले. मधल्या काळातल्या नोंदी वाचून त्यांना दिसलं की १८९३चा आपला मुलगा याच रांगेतला आहे. क्षय नव्हताच तो. त्यांनी नवा निबंध लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच प्रश्न ठेवला की हा खरोखर पिट्यूटरीचा आजार आहे का? अठ्ठावीस वर्षांनी आपलं निदान स्वतःहून बदलणारा आणि त्याच वेळी सगळे मानत असलेल्या उत्तरावर प्रश्नचिन्ह लावणारा डॉक्टर विरळाच. पुढे या त्रयीला तिघांचं नाव मिळालं, हँड-शुलर-ख्रिश्चन आजार. हे पहिलं नाव.

आता ती तहान समजून घेऊ, कारण घरच्यांना सगळ्यात आधी दिसते ती हीच. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथे एक संप्रेरक तयार होतं, व्हॅसोप्रेसिन. ते एका बारीक देठातून खाली पिट्यूटरीत उतरतं आणि तिथून रक्तात जातं. मूत्रपिंडांना ते सांगतं की पाणी राखून ठेवा. एलसीएचच्या पेशी त्या देठात शिरल्या की देठ जाड होतो, संप्रेरकाची वाट बंद पडते आणि पाणी राखण्याचा निरोप मूत्रपिंडांपर्यंत पोचत नाही. मूल दिवसाला कितीतरी लिटर पाणी पितं आणि तेवढंच बाहेर टाकतं. म्हणजे पिट्यूटरी बिघडते हे शुलर आणि ख्रिश्चन यांचं म्हणणं बरोबर होतं, पण ती आजाराचं मूळ नव्हती. कवटीतल्या भोकांसारखीच तीही आजाराच्या तडाख्यात सापडलेली होती.

या तहानेचं जुनं नाव डायबेटीस इन्सिपिडस. यात साखरेचा संबंध शून्य. डायबेटीस म्हणजे वाहून जाणं आणि इन्सिपिडस म्हणजे बेचव. एके काळी डॉक्टर लघवीची चव घेऊन गोड की बेचव हे ठरवत. आपल्या आयुर्वेदाने वीस प्रमेह सांगितले. त्यात मधुमेह आहे, तसाच पाण्यासारखी स्वच्छ लघवी होणारा उदकमेह वेगळा काढलेला आहे. फरक ओळखण्याची नजर जुनीच म्हणायची. पण नावात डायबेटीस हा शब्द राहिल्यामुळे आजही घोटाळे होतात. घरची मंडळी मुलाची साखर बंद करतात. रुग्णालयांतसुद्धा गोंधळ होऊन रुग्णांना वेळेवर औषध मिळालेलं नाही, आणि त्यात जीवही गेले आहेत. म्हणून २०२२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी या दुखण्याचं नाव बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता असं ठेवायला सुचवलं. एखाद्या नावामुळे माणूस कसा दगावू शकतो, याचं हे उदाहरण आहे.

आता नावांच्या गोष्टीकडे परत येऊ. १९२० आणि ३०च्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली या भोकांतल्या पेशी पाहिल्या गेल्या. काहींत चरबी भरलेली दिसली. अमेरिकेत रोलंड यांनी १९२८ साली मांडलं की हा चरबीच्या साठ्याचा आजार आहे. व्हिएन्नात त्याच काळात याकोब एर्डहाइम हे नामवंत पॅथॉलॉजिस्ट होते आणि त्यांच्याकडे विल्यम चेस्टर नावाचा अमेरिकन डॉक्टर शिकायला आला होता. चेस्टर यांनी १९३० साली दोन रुग्णांवर निबंध लिहिला. हे रुग्ण मोठ्या वयाचे होते, पेशींत चरबी भरलेली होती, पण हाडांना भोकं पडण्याऐवजी पायांची लांब हाडं घट्ट आणि दाट झाली होती. पुढे या आजाराला एर्डहाइम-चेस्टर हे नाव पडलं. तो डोळ्यांमागे, मेंदूत, हृदयाभोवती, मूत्रपिंडांभोवतीही पसरू शकतो, आणि तहानेचं दुखणं त्यातही होतं. हा आपल्या गोष्टीतला चुलतभाऊ. त्याला लक्षात ठेवा, शेवटी तो परत येणार आहे.

दरम्यान जर्मनीच्या एरिक लेटरर यांनी १९२४ साली एका तान्ह्या बाळाची नोंद केली होती. बाळाच्या अंगावर पुरळ, यकृत आणि प्लीहा सुजलेली, आजार झपाट्याने वाढला आणि बाळ गेलं. १९३३ साली स्वीडनच्या स्टुरे सीवे यांनी अशा बाळांच्या नोंदी एकत्र केल्या आणि हा वेगळाच आजार असल्याचं सांगितलं. लेटरर-सीवे आजार, हे दुसरं नाव. मग १९४० साली अमेरिकेत दोन वेगवेगळ्या गटांनी तिसरंच चित्र पाहिलं. चांगलं धडधाकट मूल, एखादंच हाड दुखतंय, एखादंच भोक, आणि ते खरवडलं की मूल बरं. त्या भोकात इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी होती, म्हणून नाव पडलं इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा. हे तिसरं.

आम्ही आयटीवाले या प्रकाराला चांगले ओळखतो. मुंबईचा ग्राहक म्हणतो लॉगिन होत नाही, सिडनीचा म्हणतो बिल चुकीचं येतंय, लंडनचा म्हणतो सिस्टिम हळू आहे. तीन तिकिटं उघडतात, तीन माणसं कामाला लागतात. मग एखादा जुना जाणता तिन्ही शेजारी शेजारी ठेवतो आणि म्हणतो, अरे, बिघाड एकाच ठिकाणी आहे. १९४१ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी हेच केलं. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषधाने उपचार करणारे म्हणून जे पुढे प्रसिद्ध झाले, तेच फार्बर. तिन्ही आजारांतल्या पेशी सारख्या आहेत, म्हणजे आजार एकच आणि रूपं तीन, असं त्यांनी मांडलं. १९५३ साली लुई लिक्टेनस्टाइन यांनी तिघांना एका छत्राखाली आणलं आणि नाव दिलं हिस्टिओसायटोसिस एक्स. एक्स का? कारण मूळ कारण कुणालाच माहीत नव्हतं. बीजगणितात आपण अज्ञात संख्येला एक्स म्हणतो, तसं. हे चौथं नाव, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक.

मोबाइलवर दिसणाऱ्या उलटसुलट माहितीचं कोडं इथे सुटतं. एका हाडातला आजार बहुतेकदा बरा होतो, कधी आपोआपही. यकृत, प्लीहा आणि रक्त तयार करणारी मज्जा यांना धरणारा आजार जिवावर बेतू शकतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे आजार कुठे कुठे आहे.

एक्सचं उत्तर शोधायला आपल्याला जरा मागे, १८६८ सालच्या बर्लिनला जावं लागेल. पॉल लँगरहान्स हा विशीतला वैद्यकीय विद्यार्थी. त्याने माणसाच्या कातडीच्या पातळ कापावर सोन्याचा क्षार वापरून रंग चढवला आणि त्यात त्याला फांद्या फुटलेल्या चमत्कारिक पेशी दिसल्या. त्याला वाटलं या मज्जातंतूंच्या पेशी आहेत. पुढच्याच वर्षी स्वादुपिंडातले छोटे पुंजके त्याने दाखवले. तीच लँगरहान्सची बेटं, जिथे इन्सुलिन तयार होतं. पुढे क्षयाने गाठलं म्हणून तो हवापालटासाठी मदीरा बेटावर गेला, तिथे समुद्रातल्या किड्यांचा अभ्यास करत राहिला, आणि १८८८ साली चाळिशी नुकतीच उलटलेली असताना वारला. इन्सुलिनचा शोध लागला तो आणखी तेहतीस वर्षांनी.

त्या फांद्यावाल्या पेशींचं काय काम, हे पुढे जवळजवळ शंभर वर्षं कळलं नाही. १९६१ साली इंग्लंडच्या मायकेल बर्बेक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्या पेशींच्या पोटात टेनिसच्या रॅकेटच्या आकाराचे बारीक कण होते. काही वर्षांतच पॅरिसच्या फ्रांस्वाज बासे आणि सहकाऱ्यांना हेच रॅकेट हिस्टिओसायटोसिस एक्सच्या पेशींत सापडले. १९७३ साली क्रिस्तियाँ नेझलॉफ यांनी म्हटलं की या आजारातली पेशी म्हणजे लँगरहान्स पेशीच. एक्सची किंमत सापडली, असं सगळ्यांना वाटलं. १९८५ साली या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी हिस्टिओसाइट सोसायटी स्थापन केली आणि १९८७ साली अधिकृत नाव ठरलं लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस. पाचवं नाव.

आता शुलर यांच्याकडे वळू. १९३८च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. चौसष्टीला टेकलेल्या या ज्यू प्राध्यापकाचं विद्यापीठातलं स्थान गेलं. ते पत्नीसह आधी ऑक्सफर्डला गेले आणि १९३९ साली मेलबर्नला पोचले. इथल्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयाने त्यांना काम दिलं. ज्याने जगाला कवटी वाचायला शिकवलं, तो माणूस पासष्टीच्या उंबरठ्यावर परक्या भाषेत, परक्या शहरात पुन्हा रोज सकाळी चित्रं पाहायला बसू लागला. त्यांचे दोन्ही मुलगे युरोपातच राहिले होते. ते दोघंही नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. शुलर काम करत राहिले, लिहीत राहिले, आणि १९५७ साली इथेच वारले.

परदेशात येऊन पहिल्यापासून सुरुवात करणं काय असतं, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. पण आपण सुटकेस भरून, निरोप घेऊन, परतीचं तिकीट परवडेल या भरवशावर निघालो. त्यांच्यामागे परत जायला काहीच उरलं नव्हतं. फिट्झरॉयजवळून व्हिक्टोरिया परेडने जाताना सेंट व्हिन्सेंट्स दिसलं, तर एवढं आठवावं.

उपचारांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे, कारण तिची एक फांदी आपल्या अंगणात उगवलेली आहे. कॅनडात क्लार्क नोबल नावाचे डॉक्टर होते, इन्सुलिन शोधणाऱ्या मंडळींच्या वर्तुळातले. १९५२ साली जमैकाहून एका रुग्णाने त्यांना पाकिटातून झाडाची पानं पाठवली. तिथले लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत. क्लार्क यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट यांनी अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी त्या अर्कातून १९५८च्या सुमारास एक औषध वेगळं काढलं, व्हिनब्लास्टिन. आणि ते झाड कोणतं? सदाफुली! आपल्याकडे तुळशीवृंदावनाजवळ, गच्चीवरच्या कुंडीत, देवाच्या परडीत असते ती. साखर कमी होते म्हणून सदाफुलीची पानं चावणारे काका-आजोबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. औषध म्हणजे शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिलेला एक घटक आहे. झाडाची पानं खाणं हा यावरचा उपाय नाही, उलट ती विषारी ठरू शकतात.

हेच व्हिनब्लास्टिन आणि सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ही जोडी आज एलसीएचच्या मुलांसाठी पहिली पसंती आहे. ती ठरवण्याचं काम पुन्हा व्हिएन्नातूनच झालं. तिथल्या सेंट अ‍ॅना बाल रुग्णालयाच्या हेल्मुट गाडनर यांच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून १९९१पासून एकामागून एक चाचण्या केल्या. एका देशात रुग्ण मूठभर, म्हणून सगळ्यांनी नोंदी एकत्र करायच्या, ही त्यातली युक्ती. तिसऱ्या चाचणीचे निकाल २०१३ साली आले. अनेक अवयवांत आजार असलेल्या, पण यकृत-प्लीहा-मज्जा सुरक्षित असलेल्या मुलांना सहा महिने औषध दिलं तर पाच वर्षांत ५४ टक्के मुलांत आजार उलटला. बारा महिने दिलं तर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. ज्यांचे हे नाजूक अवयव सापडले होते, त्यांच्यातलीही ८४ टक्के मुलं पाच वर्षांनी हयात होती. लेटरर आणि सीवे यांनी पाहिलेल्या बाळांच्या मानाने हा केवढा पल्ला आहे!

तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. हा कर्करोग आहे की शरीराची भरकटलेली प्रतिक्रिया? १९९४ साली दिसलं की या पेशी एकाच पेशीची पिलावळ आहेत. मग २०१० साली बोस्टनच्या संशोधकांनी ६१ रुग्णांचे जुने नमुने तपासले. त्यातल्या ३५ जणांत, म्हणजे ५७ टक्क्यांत, एकाच जनुकात एकच बदल सापडला. जनुकाचं नाव बीआरएएफ. पेशीला वाढ म्हणून सांगणारी एक कळ असते, ती या बदलामुळे दाबलेलीच राहते. ज्यांच्यात हा बदल नव्हता, त्यांच्यातही पुढे त्याच तारेवरचे दुसरे बिघाड सापडत गेले. आणि आता तो चुलतभाऊ: २०१२ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एर्डहाइम-चेस्टरच्या २४ रुग्णांना तपासलं, तर १३ जणांत हाच बदल!

हा बदल त्वचेच्या एका कर्करोगातही असतो, म्हणून त्यावरची गोळी आधीच तयार होती. वेमुराफेनिब या गोळीला २०१७ साली अमेरिकेत एर्डहाइम-चेस्टरसाठी मान्यता मिळाली. त्या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. गंभीर आजारी बाळांतही अशा औषधांनी काही दिवसांत फरक पडलेला दिसला आहे. पण गोळी थांबवली की पुष्कळांचा आजार परततो. म्हणजे कळ सोडवता येते, पण बिघडलेली पेशी जात नाही. या गोष्टीचा पुढचा भाग सध्या प्रयोगशाळांत लिहिला जातोय.

सगळ्यांत अवघड प्रश्न मेंदूचा आहे. काही मुलांत आजार बरा होऊन वर्षं लोटतात, आणि मग चालताना तोल जाऊ लागतो, अक्षर बिघडतं, बोलणं अडखळतं, अभ्यास जड जातो. लहान मेंदूचा ऱ्हास होत असतो. आधी वाटायचं की ही जुन्या सुजेची नंतरची प्रतिक्रिया आहे. आता पुरावा मिळतोय की बदललेल्या जनुकाच्या पेशीच रक्तातून मेंदूत जाऊन बसतात. म्हणून डोळ्याची खोबण, गालाचं हाड, कानामागचं हाड आणि कवटीचा तळ इथे आजार असलेल्या मुलांवर डॉक्टर जास्त काळ लक्ष ठेवतात. या जागांच्या आजारात तहानेचं दुखणं होण्याची शक्यताही जास्त. बरं वाटल्यावरही तपासणीची तारीख चुकवायची नसते, ती यासाठी.

आणि आता गंमत ऐका. गेल्या पंधरा वर्षांत हेही कळलं की या आजारातली पेशी कातडीतल्या लँगरहान्स पेशीपासून झालेली नसतेच. ती अस्थिमज्जेतून आलेली असते आणि फक्त त्या वेशात असते. म्हणजे पाचवं नावही पुरतं खरं नाही! २०१६ साली तज्ज्ञांनी हिस्टिओसाइटच्या सगळ्या आजारांची नवी मांडणी केली, पाच गट पाडले. त्यातल्या पहिल्या गटात एलसीएच आणि एर्डहाइम-चेस्टर दोघं शेजारी बसले आहेत. शुलर आणि एर्डहाइम एकाच शहरातले, एकाच काळातले. त्यांचे आजार एका रकान्यात यायला मात्र शंभर वर्षं लागली.

जाता जाता घरच्यांसाठी थोडं. मुलाच्या डोक्यावर मऊ टेंगूळ आलं आणि आठवड्यांत ओसरलं नाही, एक पापणी सुजून डोळा पुढे येतोय, कान औषधानेही वाहायचा थांबत नाही, बाळाच्या डोक्यावरचा खवल्यांचा पुरळ हटत नाही, दुधाचे दात वेळेआधी हलायला लागले, किंवा मूल रात्री उठून उठून पाणी पितंय आणि पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलंय, तर जीपीला सांगा. यातली बहुतेक दुखणी साध्याच कारणांनी होतात. पण दोन-तीन एकत्र दिसली तर सगळी एकाच भेटीत सांगा. कानाची तक्रार एका डॉक्टरकडे आणि तहानेची दुसऱ्याकडे असं झालं, तर पुन्हा तीच तीन तिकिटं. आणि तहानलेल्या मुलाला पाणी पिण्यावरून रागवू नका, त्याचं पाणी तोडू नका. एलसीएच संसर्गाने पसरत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्लं, काय केलं, याचा दोष शोधत बसू नये. हे सासरी-माहेरी फोनवरून जरूर सांगा.

आणि देशातल्या डॉक्टरांना कागद पाठवाल तेव्हा जुन्या कागदावरचं हँड-शुलर-ख्रिश्चन आणि नव्यावरचं एलसीएच ही दोन्ही नावं लिहा. आजार तोच आहे, नाव तेवढं बदलत आलंय. कुठे कुठे आहे आणि जनुक तपासलंय का, हे सोबत लिहिलंत तर पलीकडचा डॉक्टर पुढचं बरोबर समजून घेईल.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.